पोर्तुगालचा डी८ व्हिसा : बँक बॅलन्स नंतर, आधी एचआरचं पत्र

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३२, पुण्यातल्या एका आयटी कंपनीत सात वर्षं नोकरी, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ५८ लाख, लग्न झालेलं नाही. मॅनेजर म्हणतो, "जा की, मला काही प्रॉब्लेम नाही." वर्षभर, जमलं तर पुढेही, पोर्तुगालमध्ये राहून हीच नोकरी करायची आहे. तुम्ही विचारलंत की खात्यात किती पैसे दाखवू, आणि एजंट दीड लाख मागतोय ते द्यावेत का. शेवटी एक ओळ टाकलीत, की आजोळ मडगावचं आहे, त्याचा काही उपयोग होईल का.

मी गेली चौदा वर्षं पुण्यात व्हिसाच्या फायली बांधते. आधी विद्यार्थ्यांच्या आणि डिपेंडंटच्या असायच्या, २०२२ नंतर तुमच्यासारख्यांच्या वाढल्या. खात्यात किती दाखवू हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण पहिला विचारतो. मी तो बाजूला ठेवते आणि उलट विचारते: तुमची कंपनी लेखी काय देणार आहे? मॅनेजरचं "जा की" चहाच्या टपरीवर ठीक आहे. फाइलमध्ये त्याला जागा नाही.

डी८, म्हणजे बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम पोर्तुगालमध्ये राहून करणाऱ्यांचा व्हिसा, ३० ऑक्टोबर २०२२ पासून मिळू लागला. त्यामागचा हिशेब साधा आहे. पैसा पोर्तुगालच्या बाहेरून यावा, तिथल्या कुणाची नोकरी जाऊ नये, आणि तुम्ही तिथे उतरल्यावरही तो पैसा येत राहावा. खात्यातले पंधरा लाख आजवर किती साठवलं ते सांगतात, पुढच्या जूनमध्ये पगार होईल की नाही ते सांगत नाहीत. ते फक्त कंपनी सांगू शकते. शिल्लक लागतेच. मी निदान वर्षभराच्या तिथल्या किमान वेतनाएवढी दाखवायला सांगते, म्हणजे २०२६ च्या ९२० युरोंच्या हिशेबाने ११,०४० युरो. पण तुमच्या पगाराच्या माणसाची फाइल त्यावर अडत नाही.

आता पगाराकडे येऊ, कारण तिथे तुमचा समज थोडा चुकतोय. अट अशी आहे की मागच्या तीन महिन्यांचं सरासरी मासिक उत्पन्न किमान वेतनाच्या चौपट हवं. २०२५ मध्ये ते ३,४८० युरो होतं, २०२६ साठी ३,६८० झालं. युरो १०५ रुपयांना धरला तर ३ लाख ८६ हजार. तुम्ही लिहिलंय, "५८ भागिले १२ म्हणजे ४ लाख ८३ हजार, आरामात बसतंय." सीटीसी हा शब्द आपल्याकडे लग्न जमवताना चालतो, कौन्सुलेटमध्ये चालत नाही. तुमची पगारपावती मी पाहिलेली नाही, तरी अंदाज बांधते. वर्षाअखेरीचा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारी रक्कम, सहा लाख, कंपनीच्या बाजूचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून चारेक लाख. हे वगळलं की उरले ४८, म्हणजे महिन्याला ग्रॉस चार लाख. त्यातून टीडीएस आणि तुमचा पीएफ जाऊन खात्यात जमा होत असतील दोन लाख ऐंशी-नव्वद हजार. म्हणजे ग्रॉस धरलं तर तुम्ही काठावर पार, आणि बँक स्टेटमेंट धरलं तर जवळजवळ नऊशे युरोंनी कमी.

कुठला आकडा धरला जाईल? कागदावर शब्द "उत्पन्न" असा आहे, आणि मी ग्रॉसच मांडते. पण ते समोरच्याला दिसावं लागतं. खिडकीपलीकडचा माणूस स्टेटमेंटवर बोट फिरवत जातो, त्याला दर महिन्याला २,८८,००० दिसतात आणि पत्रावर चार लाख. मधले एक लाख बारा हजार गेले कुठे? म्हणून मी पगारपावत्यांच्या वर एक पान लावते: डावीकडे ग्रॉस, मग कर, मग पीएफ, मग हातात आलेली रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात ती रक्कम स्टेटमेंटच्या कितव्या पानावर आहे ते. तीन महिन्यांच्या तीन ओळी. मागे फॉर्म १६ आणि रिटर्न. एवढ्या एका पानाने बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत. तरीही काठावरची फाइल ती काठावरचीच. एप्रिलमध्ये तुमची पगारवाढ होणार असेल तर तीन वाढीव पावत्या हातात येईपर्यंत थांबा आणि जुलैत अर्ज करा. व्हेरिएबल ज्या तिमाहीत येतो ती तिमाही दाखवून सरासरी फुगवायचा मोह होतो. ते करायचं असेल तर पत्रात "वार्षिक व्हेरिएबल, अमुक महिन्यात" असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर तो एकच उंच आकडा डोळ्यात खुपतो.

आता पत्र. एचआरला सांगितलं की ते सवयीप्रमाणे "टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न" वालं अर्ध्या पानाचं पत्र काढतात: हे गृहस्थ आमच्याकडे अमुक तारखेपासून आहेत, पद अमुक, पगार अमुक. गृहकर्जाला ते पुरतं, इथे नाही. इथे पत्राने स्वच्छ सांगायला हवं की तुमचं काम पूर्णपणे दूर बसून करता येतं; कंपनीला तुम्ही पोर्तुगालमध्ये राहून काम करणार हे माहीत आहे आणि मान्य आहे; कधीपासून कधीपर्यंत; त्या काळात पगार भारतातूनच आणि हाच राहील; आणि पोर्तुगालमध्ये कंपनीचं ऑफिस किंवा तिथला कोणी ग्राहक तुमच्या कामाशी जोडलेला नाही. खाली सही करणाऱ्याचं नाव, पद, ऑफिसचा ईमेल. जीमेल नको.

यात माझी एक चूक सांगते. २०२३ मध्ये पिंपरीच्या एका मुलीची फाइल होती. पगार उत्तम, घराचा बारा महिन्यांचा करार, सगळं जागच्या जागी. पत्रात एक वाक्य होतं की कंपनीच्या धोरणानुसार कर्मचाऱ्याला वर्षातून नव्वद दिवसांपर्यंत भारताबाहेरून काम करण्याची मुभा आहे. एचआरने त्यांच्या पॉलिसीतून उचलून डकवलेलं. मी ते पत्र निदान दहा वेळा वाचलं असेल, आणि दर वेळी "मुभा आहे" एवढंच वाचलं. समोरच्याने "नव्वद दिवस" वाचलं. बारा महिन्यांचं घर आणि नव्वद दिवसांची परवानगी. नकार आला, फी गेली, घरमालकाकडे भरलेलं दोन महिन्यांचं भाडं अडकलं. दुसऱ्यांदा कंपनीच्या लीगलकडून तारखांसकट पत्र घेतलं आणि व्हिसा झाला. तेव्हापासून मी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडते आणि फक्त तारखा वाचते. मग फक्त आकडे. मग फक्त नावं.

नावांवरून आठवलं. आपल्याकडे दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव आणि बाकीचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत. बँकेत वडिलांचं नुसतं आद्याक्षर. पीएफमध्ये कधीकधी आडनावाचं स्पेलिंगच वेगळं. आपल्याला हा एकच माणूस दिसतो, पोर्तुगीज अधिकाऱ्याला तिघं. पासपोर्ट प्रमाण धरा आणि बँक, पीएफ आणि कंपनीचं रेकॉर्ड आत्ताच त्याप्रमाणे करून घ्या. प्रतिज्ञापत्रावर भागतं, पण दुरुस्ती केव्हाही बरी.

मॅनेजर हो म्हणतो आणि एचआर गप्प होतं, हा पुण्यातला नेहमीचा अनुभव आहे. एचआरला दोष देऊ नका, त्यांच्या अडचणी खऱ्या असतात. पहिली, सर्व्हिस कंपनी असेल तर ग्राहकाशी झालेल्या करारातच लिहिलेलं असतं की काम अमुक देशातून, अमुक ऑफिसातून होईल. तुमच्या प्रोजेक्टला ते कलम असेल तर मॅनेजरच्या हातात काहीच नाही. प्रोजेक्ट बदलून घ्यावा लागेल. दुसरी, तुम्ही तिथे बसून कंपनीच्या वतीने करार करत असाल किंवा विक्री करत असाल तर पोर्तुगाल म्हणू शकतं की कंपनीचाच व्यवसाय इथे आला, आता तिनेच कर भरावा. तुम्ही नुसता कोड लिहिता, त्यामुळे धोका कमी. पण लीगलला तो विचारावाच लागतो. तिसरी अडचण सामाजिक सुरक्षेची, म्हणजे पीएफ इथे भरायचा की तिथली वर्गणी तिथे.

या तिसऱ्या बाबतीत तुमचं नशीब बरं आहे. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात सामाजिक सुरक्षा करार आहे, ८ मे २०१७ पासून लागू. कंपनी तुमचा पीएफ इथेच भरत राहिली आणि ईपीएफओकडून तुमचं "सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज" काढलं, तर ठरावीक मुदतीपर्यंत तिथली वर्गणी दुसऱ्यांदा भरावी लागत नाही. अर्ज कंपनीकडून जातो. एक खोच मात्र आहे. हा करार मुळात कंपनीने पाठवलेल्या माणसासाठी लिहिलेला, आणि तुम्ही स्वतःच्या हौसेने चाललाय. म्हणून कंपनीच्या पत्रात "परवानगी दिली" यापेक्षा "अमुक काळासाठी पोर्तुगालमधून काम करण्यास नेमले" अशी भाषा असेल तर काम सोपं होतं. लीगलला हे पटेल की नाही हे कंपनीवर आहे; मी निम्म्या ठिकाणी हरले आहे.

बरेच जण याच टप्प्यावर विचारतात की मग स्पेन का नको, तिथे उत्पन्नाची अट कमी आहे. ती कमी आहे खरी, किमान वेतनाच्या दुप्पट. पण स्पेन सामाजिक सुरक्षेचा कागद कडकपणे मागतं आणि आपला स्पेनशी असा करार लागू नाही. मग भारतीय कंपनीने तिथे नोंदणी करायची, आणि हे ऐकलं की एचआर फोन उचलायचं बंद करतं. फ्रीलान्सरला स्पेन जमतं, नोकरदाराला पोर्तुगाल सोपं. हे माझं सरसकट मत नाही, माझ्याकडे आलेल्या फायलींतून बनलेलं आहे.

आता कराचं. यूट्यूबवर अजूनही लोक सांगतात की पोर्तुगालमध्ये दहा वर्षं सपाट वीस टक्के कर. ती योजना १ जानेवारी २०२४ पासून नव्यांसाठी बंद झाली. तिच्या जागी जी सवलत आली ती संशोधन आणि ठरावीक क्षेत्रांतल्या कामांसाठी आहे; पुण्याच्या कंपनीचा कोड लिस्बनमधून लिहिणाऱ्याला तिच्यात सहसा जागा नाही. म्हणजे बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तिथले करदाते, आणि तिथला सर्वात वरचा टप्पा ४८ टक्क्यांचा. इकडे कंपनी टीडीएस कापतच राहते. दुहेरी कर टाळण्याचा करार आपल्यात आहे, त्यामुळे दोन्हीकडे पूर्ण भरावा लागत नाही, पण एकीकडून वजावट मागायची, दुसरीकडचा परतावा मागायचा, असं दोन आर्थिक वर्षांचं गुऱ्हाळ चालतं. पोर्तुगालचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च; त्यामुळे निघण्याचा महिना नुसता तिकिटाच्या भावावर ठरवू नका. दीड लाख एजंटला देण्यापेक्षा त्यातले वीस-पंचवीस हजार अशा सीएला द्या ज्याने परदेशी पगाराची रिटर्न भरली आहेत. अर्जाला कर-निवासाचा पुरावाही लागतो. आयकर खात्याकडून टीआरसी, म्हणजे कर-निवासाचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते तुमच्या वॉर्डच्या अधिकाऱ्याच्या सवडीने मिळतं. सगळ्यात आधी अर्ज करायचा कागद हा.

डी८ चे दोन प्रकार आहेत आणि एजंट बहुतेक एकच सांगतात. एक वास्तव्याचा: व्हिसा चार महिन्यांचा, त्यात तिथे जाऊन एआयएमएकडे, म्हणजे तिथल्या स्थलांतर खात्याकडे, बोटांचे ठसे द्यायचे, मग दोन वर्षांचं कार्ड. दुसरा तात्पुरत्या वास्तव्याचा, एक वर्षापर्यंत, कार्डाची भानगड नाही. एआयएमए ही संस्था ऑक्टोबर २०२३ मध्ये एसईएफ ही जुनी संस्था मोडून उभी केली, आणि वारशात तिला लाखो तुंबलेली प्रकरणं मिळाली. कार्ड वेळेत हाती पडेल असं धरून चालू नका. शिवाय कार्डावर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर ते धोक्यात येतं. तुम्ही लिहिलंय की वडिलांची बायपास झाली आहे आणि मध्येच यावं लागू शकतं. तुमच्या जागी मी असते तर पहिलं वर्ष तात्पुरत्या व्हिसावर काढलं असतं. पुढे तिथेच राहायचं झालं तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागेल, हा त्यातला तोटा. तुम्हाला तिथलं नागरिकत्वच हवं असेल तर माझा सल्ला उलटा होईल. पण तुमच्या प्रश्नात तसं कुठे दिसलं नाही.

घराबद्दल फार लिहीत नाही, एवढंच की फोटो पाहून पैसे पाठवू नका. माझ्या एका क्लायंटने फेसबुकवरच्या ग्रुपमधून अल्मादाचं घर पक्कं केलं, दोन महिन्यांचं डिपॉझिट भरलं, आणि तिथे राहणाऱ्या मित्राला बघायला पाठवलं तर त्या नंबरला दाताचा दवाखाना निघाला. करार तिथल्या करखात्यात नोंदवलेला हवा, आणि त्यासाठी तुमचा एनआयएफ म्हणजे कर क्रमांक आधी हवा. हा क्रमांक इथून, प्रतिनिधीमार्फत काढता येतो.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. हा कागद ताजा लागतो. मी अपॉइंटमेंटच्या आधी तीन महिन्यांच्या आतला घेते. लोक उत्साहाने हा पहिला काढतात आणि टीआरसीची वाट बघताना तो शिळा होतो. शिवाय सध्याच्या भाड्याच्या घराचा पत्ता पासपोर्टपेक्षा वेगळा असेल तर पोलीस चौकीतून फोन येतो, तेव्हा भाडेकरार हाताशी ठेवा.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. हिवाळ्यात पोर्तुगाल आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. तुमचा सकाळी दहाचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक) म्हणजे जानेवारीत तिथले पहाटेचे साडेचार. पहिला महिना मजा वाटते. माझ्याकडून गेलेला एक मुलगा पोर्तोमध्ये सहा महिने पहाटे चारला उठून कॉफी करत होता आणि संध्याकाळी सहाला झोपत होता. समुद्र त्याने रविवारी पाहिला. कामाच्या वेळा बदलायला कंपनी तयार असेल तर तेही पत्रात येऊ द्या. आणि इथलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. बँकेचा ओटीपी आला नाही तर तुमचाच पगार तुम्हाला हलवता येत नाही. खातंही एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करावं लागेल का, हे त्या सीएलाच विचारा, कारण तुम्ही किती काळासाठी जाताय यावर ते ठरतं.

मडगावचं आजोळ. हा रस्ता खरा आहे, पण वेगळ्या गावाला जातो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. गोव्यातले हजारो लोक असे गेले. आजोबांचा जन्म तिथला असेल तर आधी त्यांची नोंद, मग आईची, मग तुमची, अशी साखळी. प्रत्येक कडीला जुने पोर्तुगीज दाखले, आणि त्यात नावांचा घोळ मघाशी सांगितला त्याहून मोठा. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. एका वर्षाच्या हौसेसाठी एवढं करू नका. आणि डी८ च्या अर्जात आजोळचा काडीचा उपयोग नाही.

एजंटबद्दल: अपॉइंटमेंट आणि फॉर्म भरण्याचे दीड लाख जास्त आहेत. कंपनीचं पत्र तो आणू शकत नाही, टीआरसी तो लवकर काढू शकत नाही, पगार तो वाढवू शकत नाही. "व्हिसा गॅरंटी" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. फायली बांधणं हा माझाच धंदा आहे, तरी सांगते: नोकरदार, एकटा, एकाच कंपनीचा पगार, अशी तुमची फाइल स्वतः करण्याजोगी आहे.

या आठवड्यात एकच करा. मॅनेजरला नाही, एचआरला ईमेल लिहा, मॅनेजरला कॉपीत ठेवा. तारखा घाला, पोर्तुगाल हे नाव घाला, आणि दोन प्रश्न विचारा: माझ्या प्रोजेक्टच्या करारात कामाच्या जागेचं बंधन आहे का, आणि माझं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज काढून द्याल का. उत्तर आलं की ते इथेच टाका, नावं खोडून. पत्राचा मसुदा आपण त्यावरून करू.